पायाला फ्लो मीटर का लावत नाहीत?

प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. विचारणारे एमआयडीसीत काम करणारे इंजिनिअर आहेत. वडिलांचं, म्हणजे अण्णांचं वय ६७, पंधरा वर्षांची शुगर, पूर्वी बिडी ओढायचे. मंडईपर्यंत चाललं की डाव्या पोटरीत वांब येतात, दोन मिनिटं थांबलं की जातात. डॉक्टरांनी ‘पायाचा कलर डॉप्लर’, म्हणजे रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी, लिहून दिलाय. चिरंजीवांनी दरम्यान अण्णांच्या पायाच्या अंगठ्याला घरचा ऑक्सिमीटर लावून पाहिला तर ९८ आले. म्हणजे पुरवठा ठीक आहे का? आणि खरी शंका अशी, की ‘आमच्या कारखान्यात पाइपला बाहेरून पट्ट्यानं बांधायचं मीटर आहे. पाइप न कापता मिनिटाला किती लिटर पाणी जातंय ते सांगतं. मग माणसाच्या पायाला, सुई न टोचता, तसं मीटर का लावत नाहीत?’

मी रक्तवाहिन्यांच्या तपासण्यांच्या खोलीत चोवीस वर्षं काढली आहेत. इतका सरळ प्रश्न क्वचितच कोणी विचारतं, म्हणून जरा ऐसपैस उत्तर देतो.

तुमचं मीटर बहुधा ट्रान्झिट टाइम जातीचं असेल. ध्वनिलहर एकदा पाण्याच्या दिशेनं पाठवायची, एकदा उलट, आणि दोन्ही वेळांतल्या फरकावरून वेग काढायचा. हे तंत्र आमच्याकडेही आहे. हृदयाची बायपास झाली की नव्यानं जोडलेल्या नळीला सर्जन एक खाचेचा छोटा प्रोब अडकवतात आणि स्क्रीनवर मिनिटाला इतके मिलिलिटर असा आकडा येतो. फक्त त्या वेळी छाती उघडलेली असते. बंद कातडीवरून ते जमत नाही, आणि का जमत नाही हे तुमचं मीटर बसवायला आलेल्या माणसाच्या प्रश्नांतच दडलेलं आहे. त्यानं तुम्हाला पाइपचा व्यास विचारला असेल, भिंतीची जाडी विचारली असेल, पाइप कशाचा आहे ते विचारलं असेल, आणि जवळचं वळण किंवा व्हॉल्व्ह किती लांब आहे तेही विचारलं असेल. सरळ पाइपचा लांब तुकडा मिळाला नाही तर त्यानं नाक मुरडलं असेल. आता अण्णांची मांडी घ्या. धमनीचा व्यास ठाऊक नाही, भिंत दर ठोक्याला हलते, शुगरमुळे तिच्यात जागोजाग चुना साचलाय, ती किती खोल आणि कुठल्या कोनात जाते ते दिसत नाही, आणि प्रवाह तर सेकंदाला एकदा उसळून पुन्हा बसतो, मध्येच क्षणभर उलटाही वाहतो. असा पाइप दाखवला असता तर तो माणूस चहा पिऊन परत गेला असता.

गढूळ पाण्याला, स्लरीला वेगळ्या जातीचं मीटर लावतात हेही तुम्हाला माहीत असेल. त्यात कणांवर आदळून परत येणाऱ्या लहरीची वारंवारता किती बदलली ते बघतात. रक्त ही स्लरीच आहे. त्याचा चाळीस-पंचेचाळीस टक्के भाग तांबड्या पेशींचा असतो, एकेक पेशी सात-आठ मायक्रॉनची. त्या पेशींवरून परत येणारा प्रतिध्वनी ऐकायचा, हाच डॉप्लर. ख्रिश्चन डॉप्लरनं १८४२ साली प्रागमध्ये हे मांडलं ते जोडताऱ्यांच्या रंगांबद्दल. रक्ताचा त्यात संबंध नव्हता. तीन वर्षांनी हॉलंडमध्ये बॉइस बॅलॉटनं आगगाडीवर तुतारीवाले बसवून ध्वनीच्या बाबतीत ते पडताळून पाहिलं. हृदयाच्या आणि रक्ताच्या हालचालीसाठी अल्ट्रासाउंडनं ते वापरलं जपानमधल्या ओसाकाच्या सातोमुरांनी, १९५०च्या दशकात. म्हणजे मधे शंभरेक वर्षं गेली.

कॅल्क्युलेटर काढा, तुम्हाला आवडेल. प्रोबची वारंवारता ५ मेगाहर्ट्‌झ. रक्ताचा वेग सेकंदाला एक मीटर. प्रोब आणि धमनीतला कोन ६० अंश, म्हणजे कोसाइन ०.५. शरीरातल्या मऊ भागांत ध्वनीचा वेग सेकंदाला १५४० मीटर धरतात. दुप्पट वारंवारता गुणिले वेग गुणिले कोसाइन, भागिले ध्वनीचा वेग. उत्तर येतं साधारण ३२०० हर्ट्‌झ. हा आकडा माणसाच्या कानाला छान ऐकू येणारा आहे. निव्वळ योगायोग, पण त्याच्या जोरावर आमचा अर्धा धंदा चालतो. पेनाएवढा प्रोब, एक छोटा स्पीकर आणि चमचाभर जेल एवढ्यावर रक्त ऐकता येतं. निरोगी पायाच्या धमनीचा आवाज तीन भागांत येतो: एक फटका, मग जरा मागे ओढल्यासारखा, मग पुन्हा हलकासा पुढे. आम्ही त्याला ट्रायफेजिक म्हणतो. वर कुठे अडथळा असला की फटका बोथट होतो, मधला उलटा भाग नाहीसा होतो आणि उरतो एक लांबट, दमलेला ‘हूऽऽ हूऽऽ’. शिरेचा आवाज त्याहून वेगळा, झाडीतून वारा जावा तसा, श्वासाबरोबर कमी-जास्त होणारा. नवीन मुलं स्क्रीनकडे बघत बसतात. मी त्यांना पहिला महिनाभर डोळे मिटून ऐकायला लावतो.

यातून मिळतो तो वेग. तुम्हाला हवा आहे प्रवाह, आणि या दोन्हींच्या मधे दोन खड्डे आहेत.

पहिला खड्डा कोनाचा. धमनी कुठे चाललीय ते स्क्रीनवर बघून तपासणारा हातानं एक रेघ आखतो आणि मशीन तो कोन धरून वेग काढतं. खरा कोन ६० अंश असताना रेघ ६५ वर पडली तर वेग १८ टक्के जास्त येतो. एवढं चालून जातं. पण खरा कोन ८० असताना ८५ आखला तर वेग थेट दुप्पट दिसतो, कारण तिथे कोसाइन झपाट्यानं शून्याकडे जात असतो. म्हणून ६०च्या वर जायचं नाही हा आमच्या खोलीतला पहिला नियम. मानेच्या कॅरॉटिड धमनीत सेकंदाला १२५ सेंटिमीटरच्या वर वेग गेला की निम्म्याहून जास्त अरुंदपणाचा संशय धरतात, २३०च्या वर गेला की ७० टक्क्यांहून जास्तीचा. आता बघा, एका आळशी रेघेनं माणूस या गटातून त्या गटात जाऊ शकतो.

दुसरा खड्डा व्यासाचा, आणि हा जास्त खोल आहे, कारण व्यासाचा वर्ग होतो. डायलिसिसच्या रुग्णाच्या हातावर धमनी आणि शीर जोडून फिस्टुला करतात. तिथे आम्ही खरोखर मिनिटाला मिलिलिटर मोजतो, कारण तोच प्रश्न असतो: मशीनला पुरेल एवढं रक्त येतंय का? शीर ६ मिलिमीटरची असेल तर काटछेद ०.२८ चौरस सेंटिमीटर. सरासरी वेग सेकंदाला ४० सेंटिमीटर धरला तर मिनिटाला ६८० मिलिलिटरच्या आसपास. साधारण ६०० हवेत, म्हणजे पास. आता तपासणाऱ्यानं प्रोब जरा जोरात दाबला, शीर चेपली आणि व्यास ५ मोजला गेला. वेग तोच धरला तरी आकडा ४७० वर येतो. फिस्टुला नापास, रुग्ण घाबरला, नातेवाईक फोनवर. एका मिलिमीटरचा हा खेळ. माझा मनगटाचा भार जेलच्या थरावर राहिला पाहिजे, कातडीवर नाही, हे मला शिकवणाऱ्या सिस्टर आजही माझ्या खांद्यामागे उभ्या आहेत असं वाटतं.

समजा, हे दोन्ही खड्डे बुजवले. उद्या कोणीतरी असं मशीन आणलं की अण्णांच्या मांडीवर ठेवलं आणि मिनिटाला इतके मिलिलिटर असा अचूक आकडा आला. तरी मी ते त्यांच्यासाठी वापरणार नाही. कारण खाटेवर पडून असलेल्या माणसात तो आकडा नॉर्मल येण्याची बरीच शक्यता आहे!

मुख्य धमनी अरुंद झाली की पुढच्या बारीक धमन्या स्वतःहून रुंद होतात आणि विरोध कमी करून टाकतात. शिवाय बाजूच्या गल्लीबोळांतून रक्त वाट काढतं. स्वस्थ पडलेल्या पोटरीला लागतंच किती? तेवढं तिला मिळून जातं. पण या तडजोडीची किंमत दाबात चुकवावी लागते. अडथळ्यापलीकडचा दाब उतरलेला असतो. चालायला लागलं की स्नायूला दहापट-वीसपट रक्त हवं असतं. बारीक धमन्या आधीच जमेल तेवढ्या उघडलेल्या, त्यांच्याकडे आता देण्यासारखं काही नाही. मग पोटरी ओरडते. मंडईपर्यंत गेल्यावर वांब, थांबलं की बरं, हे त्याचं रूप. म्हणून पायाच्या बाबतीत आम्ही प्रवाह सोडून दाब मोजतो. तुमच्या कारखान्यातही फिल्टर तुंबलाय का ते बघायला आधी दोन्ही बाजूंचे प्रेशर गेज बघत असाल.

या तपासणीचं नाव एबीआय, घोट्याचा आणि दंडाचा दाब यांचं गुणोत्तर. सामान काय लागतं? बीपीचा कफ आणि तो पेनाएवढा डॉप्लर. अण्णांना दहा मिनिटं उताणं झोपवायचं. ही दहा मिनिटं महत्त्वाची. जिना चढून आलेल्या माणसाचा आकडा घेतला की तो खोटाच येणार. दोन्ही दंडांवर दाब घ्यायचा, स्टेथोस्कोपनं नाही तर डॉप्लरनं. मग कफ घोट्याच्या वर बांधायचा, पायाच्या वरच्या बाजूच्या धमनीवर जेल घालून प्रोब तिरका धरायचा, आवाज मिळाला की हात स्थिर ठेवायचा. कफ फुगवायचा, आवाज बंद झाल्यावर आणखी वीसेक मिलिमीटर वर न्यायचा, आणि मग हळूहळू सोडायचा. ज्या आकड्याला पहिला ‘सुप्‌’ ऐकू येतो तो घोट्याचा दाब. तसंच आतल्या घोट्यामागच्या धमनीचं. दोन्हींतला जास्त असेल तो घ्यायचा आणि दोन दंडांतल्या जास्त असलेल्या दाबानं भागायचं.

उदाहरण घ्या. उजवा दंड १४०, डावा १३६. उजवा घोटा १३२, डावा ९२. उजवीकडे १३२ भागिले १४० म्हणजे ०.९४, डावीकडे ०.६६. १.०० ते १.४० नॉर्मल, ०.९१ ते ०.९९ काठावर, ०.९० किंवा कमी म्हणजे पायाच्या धमनीचा आजार. इथे डावा पाय सरळ पकडला गेला, आणि वांबही डावीकडेच येतात. सुई नाही, एक्सरे नाही, महागडं मशीन नाही. आणि तरीही ही तपासणी फार कमी ठिकाणी नीट होते. कारण उघड आहे: हिला वेळ लागतो, रंगीत फोटो निघत नाही, आणि बिलात फारसं काही लावता येत नाही. हे माझं मत आहे, कडू वाटलं तरी.

आकडा काठावर आला आणि तक्रार मात्र ठसठशीत असेल तर रुग्णाला चालवून पुन्हा मोजायचं. ट्रेडमिल असेल तर ठीक, नसेल तर कॉरिडॉर आहेच, किंवा भिंतीला हात टेकून टाचा वर-खाली करायला लावायच्या. चालल्यावर गुणोत्तर पाचव्या हिश्शाहून जास्त घसरलं तर उत्तर मिळालं. आडवं पडून लपून राहिलेला अडथळा असा उघडा पडतो.

आता अण्णांना शुगर आहे म्हणून माझी एक जुनी चूक सांगतो. माझी उमेदीची वर्षं, गाव आणि दवाखाना राहू द्या. डायलिसिसवरचे एक गृहस्थ आले होते, शुगर वीस वर्षांची, करंगळीला न भरणारी जखम. एबीआय १.२ आला. मी खूश होऊन ‘पुरवठा नॉर्मल’ लिहून दिलं. तीन आठवड्यांनी ते परत आले तेव्हा करंगळी काळी पडली होती. झालं काय होतं, तर घोट्याच्या धमन्यांत इतका चुना साचला होता की कफ त्यांना दाबूच शकत नव्हता. मी रक्ताचा दाब मोजतोय असं मला वाटत होतं, प्रत्यक्षात मोजत होतो ते नळीचा कडकपणा. गुणोत्तर १.४०च्या वर गेलं असतं तर मी सावध झालो असतो; ते बरोबर मधल्या, सभ्य दिसणाऱ्या आकड्यावर थांबलं होतं. आवाज मात्र दमलेला होता. तो मी ऐकला होता आणि आकडा बघून विसरलो होतो.

तेव्हापासून शुगर किंवा किडनीचा रुग्ण असला की मी पायाच्या अंगठ्याचा दाब घेतल्याशिवाय सही करत नाही. अंगठ्याच्या धमन्यांत चुना सहसा एवढा साचत नाही. बोटाएवढा छोटा कफ अंगठ्याच्या बुडाशी, आणि टोकाला प्रकाशाचा सेन्सर. कफ सोडताना ठोका परत दिसायला लागतो तो आकडा. दंडाच्या दाबाशी गुणोत्तर ०.७० किंवा त्याहून कमी असलं तर गडबड आहे. नुसता अंगठ्याचा दाब पाऱ्याच्या ३० मिलिमीटरखाली असेल तर जखम आपणहून भरण्याची आशा फार कमी.

तो प्रकाशाचा सेन्सर म्हणजे तुमच्या ऑक्सिमीटरचा थोरला भाऊ. मग ९८चं काय? ऑक्सिमीटर लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश बोटातून पाठवतो आणि ठोक्याठोक्याला येणाऱ्या रक्तात किती टक्के हिमोग्लोबिन ऑक्सिजननं भरलेलं आहे ते सांगतो. ही कल्पना जपानच्या ताकुओ आओयागींची, १९७०च्या दशकातली. कोविडमध्ये ती आपल्या घराघरांत आली. पण टक्के कशाचे हे बघा. नळाला येणारं पाणी किती शुद्ध आहे हे तुम्ही तपासलंत; नळाला दिवसातून किती वेळ पाणी येतं हा वेगळा प्रश्न आहे. फुप्फुसं चांगली असतील तर अडथळ्यातून कसंबसं झिरपत आलेलं रक्तही ९८ टक्केच भरलेलं असतं. अंगठ्यावर आकडाच येत नसेल तर शंका घ्यायला जागा आहे, पण गार पडलेल्या पायावरही तसं होतं. मनगटी घड्याळातला हिरवा दिवा याच घराण्यातला. नाडीचे ठोके तो बरे मोजतो, प्रवाह नाही. आणि प्रदर्शनात हातात धातूची दांडी धरायला देऊन ‘रक्ताभिसरण’ वगैरेंचा पंचवीस-तीस पानी रिपोर्ट छापून देणारी यंत्रं असतात, ती यातलं काहीच मोजत नाहीत. ते पैसे अण्णांच्या चपलांवर घाला.

कलर डॉप्लर करायचा की नाही? करायचा, पण आधी दाब. कलर डॉप्लर सांगतो अडथळा कुठे आहे, किती लांब आहे, किती घट्ट आहे. कृष्णेचं पाणी रुंद पात्रात संथ असतं आणि पुलाच्या कमानीखाली जोर धरतं, तसंच इथे: अरुंद जागी वेग वाढतो. आधीच्या भागापेक्षा तो दुप्पट झाला की निम्म्याच्या आसपास अरुंद, असा ढोबळ हिशेब. मात्र त्या अडथळ्यामुळे पायाला खाली किती झळ बसतेय हे दाबच सांगतो. नुसता कलर डॉप्लर करून आणलेल्या रिपोर्टमध्ये ‘धमन्यांच्या भिंतींवर ठिकठिकाणी कॅल्सिफिकेशन, प्रवाह दिसतो’ असं एक वाक्य असतं. साठी उलटलेल्या शुगरच्या कोणाही माणसाच्या रिपोर्टमध्ये ते खपून जाईल. त्यावरून काय करायचं ते ना तुम्हाला कळतं, ना मला.

जाता जाता: स्क्रीनवरचा लाल रंग म्हणजे शुद्ध रक्त आणि निळा म्हणजे अशुद्ध, असं समजून नातेवाईक दर आठवड्याला मला विचारतात, ‘डॉक्टर, एवढं निळं का दिसतंय?’ लाल म्हणजे प्रोबकडे येणारं, निळं म्हणजे प्रोबपासून लांब जाणारं, एवढंच. प्रोब उलटा कलला की तीच धमनी निळी होते. आणि धमनी प्रोबच्या बरोबर काटकोनात आली तर तिच्यात रंगच भरत नाही. ती बंद आहे असं त्यावरून लिहिणारा माणूस घाईत असतो.

तुमची मूळ इच्छा, म्हणजे मिनिटाला इतके मिलिलिटर, पूर्ण करणारी एक पद्धत मात्र आहे, आणि ती शंभरहून जास्त वर्षं जुनी आहे. तुम्हाला ती बघताक्षणी आवडेल. दंडावर कफ बांधून तो ४०-५० मिलिमीटरपर्यंतच फुगवायचा. एवढ्या दाबानं शिरा बंद होतात, धमन्या चालू राहतात. म्हणजे टाकीचा आउटलेट बंद, इनलेट चालू. हात हळूहळू फुगतो. तो पहिल्या काही सेकंदांत किती वेगानं फुगतो तेवढा आत येणारा प्रवाह. १९०९ साली ह्युलेट आणि व्हान झ्वालुवेनबर्ग या दोघांनी माणसाच्या हातावर हे करून दाखवलं. पुढे १९५३ मध्ये व्हिटनीनं पारा भरलेली रबरी नळी हाताभोवती गुंडाळली आणि तिच्या ताणावरून फुगणं मोजलं. स्वस्थ हातात १०० मिलिलिटर मांसाला मिनिटाला दोन ते चार मिलिलिटर. याला प्लेथिस्मोग्राफी म्हणतात. कोन नाही, व्यास नाही, गृहीतकं थोडकी. संशोधनात ती अजून जिवंत आहे. दवाखान्यात का नाही? तेच कारण: पडून असलेल्या माणसात आकडा नॉर्मल येतो.

बाकी शरीरात प्रश्न बदलला की हत्यार बदलतं. हृदयात प्रवाह मोजणं सोपं जातं, कारण बाहेर पडण्याची वाट रुंद, बऱ्यापैकी गोल आणि प्रोबच्या रेषेत असते. वाट २ सेंटिमीटरची असली तर काटछेद ३.१४, एका ठोक्यात रक्ताचा स्तंभ २० सेंटिमीटर सरकला तर ६३ मिलिलिटर, मिनिटाला ७० ठोके धरले तर सव्वाचार-साडेचार लिटर. इकोच्या खोलीत हे रोज चालतं. इथेही व्यासाची चूक वर्गात मोजली जाते, ते विसरू नका.

मेंदूची गोष्ट मला जास्त भावते. कवटीतून अल्ट्रासाउंड जात नाही अशीच समजूत होती. १९८२ मध्ये रूने आस्लिड यांनी वारंवारता २ मेगाहर्ट्‌झपर्यंत खाली आणली आणि कानाच्या वर, जिथे हाड पातळ असतं तिथून मेंदूतल्या धमन्या ऐकल्या. काही माणसांत ती खिडकी मिळतच नाही, विशेषतः म्हाताऱ्या बायकांत. मग हात जोडायचे. पण सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या मुलांत या तपासणीनं जीव वाचवले आहेत. धमनीतला सरासरी वेग सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त असेल तर पक्षाघाताचा धोका मोठा असतो, आणि अशा मुलांना नियमित रक्त दिलं की तो खूपच कमी होतो, हे १९९८ साली अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत दिसलं. आपल्याकडे गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार या पट्ट्यात सिकलसेलची मुलं भरपूर आहेत. पक्षाघात होण्याआधी, वीस-पंचवीस मिनिटांत, सुईशिवाय, नुसत्या वेगावरून मूल ओळखता येतं. तिथे मला प्रवाह लिटरमध्ये नको आहे, वेगच पुरे.

एमआरआयमध्येही आता खरा प्रवाह मिळतो, औषध न टोचता. एका पद्धतीत हलणाऱ्या रक्तातल्या हायड्रोजनच्या सिग्नलची कला (फेज) वेगाच्या प्रमाणात सरकते, तीवरून ठिपक्याठिपक्याचा वेग काढून बेरीज करतात. दुसरी १९९२ पासूनची: मानेतून वर चाललेल्या रक्तातल्या पाण्याचं चुंबकत्व उलटं करून त्याला जणू शिक्का मारायचा, दीड-दोन सेकंद थांबायचं, मेंदूचा फोटो घ्यायचा, आणि शिक्का न मारलेल्या फोटोतून तो वजा करायचा. फरक जेमतेम एखादा टक्का, म्हणून तीच जोडी अनेकदा घ्यावी लागते. रुग्ण हलला की गेलं. मेंदूच्या १०० ग्रॅमला मिनिटाला सुमारे ५० मिलिलिटर हा आकडा असा बाहेरून पडताळता येतो. कातडीसाठी लेझरचं डॉप्लर आहे. ते वरच्या मिलिमीटरभर थरातलं दाखवतं आणि आकडा देतं तो स्वतःच्याच एककात. भाजलेल्या जखमेच्या बाबतीत उपयोगी, अण्णांच्या पोटरीला नाही.

तर अण्णांचं काय करायचं. डॉक्टरांना सांगा की कलर डॉप्लरबरोबर दोन्ही पायांचा एबीआय आणि अंगठ्याचा दाब पाहिजे. जवळच्या सेंटरमध्ये अंगठ्याचा कफ नसेल तर रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे असतो. रिपोर्टमध्ये नुसतं ‘नॉर्मल’ न लिहिता चारही दाबांचे आकडे आणि आवाजाचा प्रकार लिहून मागा. पुढच्या वर्षी तुलनेला तेच लागतील. त्या दिवशी किमान दोन तास बिडी-तंबाखू नको. ‘पूर्वी ओढायचे’ म्हणताय, पण एकदा खिसा बघा. सैल लेंगा घालून न्या, दहा मिनिटं आधीच पोचा. कोणी पायावर बायपास केली असेल किंवा पोटरी एकाएकी सुजून लाल झाली असेल तर कफ बांधण्याआधी सांगा. वांब कमरेतूनही येऊ शकतात, तेही डोक्यात ठेवा: थांबून उभं राहिल्यावर जात नाहीत आणि ओणवं झाल्यावर किंवा बसल्यावरच जातात, सायकल मात्र आरामात चालवता येते, असं असेल तर मणक्याकडे बघावं लागतं. तुम्ही लिहिलंय त्यावरून अण्णांचं तसं वाटत नाही.

आणि तपासणीची तारीख येईपर्यंत रोज रात्री बोटांच्या बेचक्या उजेडात बघा. शुगरच्या पायाला जखम अनेकदा दुखतच नाही, ती आधी तुम्हाला दिसते. एखाद्या दिवशी पाय अचानक गार आणि पांढरा पडला, बधिर झाला, बोटं हलेनाशी झाली तर कसला डॉप्लर आणि कसला एबीआय, थेट मोठ्या हॉस्पिटलमध्ये. तिथे तास मोजायचे असतात.

जेल गार असतं, आणि अंगठ्याचा कफ फुगताना जरा चावतो. अण्णांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर पाय ओढून घेतात आणि मला पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं.